शास्त्रीय प्रोग्रॅमसाठी डॉक्सिजन कसे बसवावे: कृष्णेच्या पूरगणनेच्या निमित्ताने

कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत येते. या वाटेवर प्रवाह कसा पसरतो आणि किती उशिरा पोहोचतो, याची गणना करणारा एक फोरट्रान प्रोग्रॅम एम.टेक.च्या प्रकल्पासाठी माझ्या हाती आला. तो आधीच्या तीन-चार तुकड्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला होता, चालत होता आणि त्यात कॉमेंट जवळजवळ नव्हत्याच. मी कालांतराचे मूल्य १ दिले, कारण नोंदी तासागणिक होत्या आणि मला ते एक तास वाटले. प्रत्यक्षात ही गणना करणारी सबरूटीन (प्रोग्रॅममधला स्वतंत्र भाग) सेकंदांची अपेक्षा करत होती. परिणाम असा झाला की, धरणाचा विसर्ग वाढत असताना पहिल्याच टप्प्यानंतरचा प्रवाह आलेखात घटताना दिसू लागला. नदीच्या आकडेवारीत दोष असेल, या समजुतीने मी तीन दिवस पर्जन्यनोंदी तपासत बसलो.

त्या एका ओळीवर ‘सेकंद’ एवढा शब्द लिहिलेला असता, तर हे तीन दिवस वाचले असते. म्हणून डॉक्सिजनसारखा डॉक्युमेंटेशन जनरेटर, म्हणजे कोडमधल्या कॉमेंटवरून माहितीची पाने तयार करणारे साधन, बसवताना एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: हे साधन तुमच्या वतीने काहीही लिहीत नाही. कोडमध्ये लिहिलेले ते नीट मांडून दाखवते आणि काय लिहायचे राहिले आहे ते बोट ठेवून सांगते. शास्त्रीय कोडसाठी त्यातले दुसरे काम पहिल्यापेक्षा जास्त मोलाचे आहे. पुढील क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

या लेखात सर्व पर्यायांची आणि सूचनांची नावे देवनागरीत दिली आहेत. सेटिंगच्या फाइलमध्ये पर्याय इंग्रजी मोठ्या लिपीत असतात आणि दोन शब्दांमध्ये अधोरेखा असते. कॉमेंटमधील सूचना मात्र इंग्रजी लहान लिपीत लिहायच्या असतात. उच्चारावरून त्या सहज सापडतील.

१. साधन कोणते, ते कोडची भाषा पाहून ठरवा

फोरट्रान, सी किंवा सी प्लस प्लस यांतील कोड असेल, किंवा एकाच प्रकल्पात यांची सरमिसळ असेल, तर डॉक्सिजन घ्यावे. दिमित्री फान हेश यांनी ते तयार केले, त्याची पहिली आवृत्ती १९९७ साली आली आणि ते मोफत व मुक्त आहे. रेषीय बीजगणितासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लॅपॅक या फोरट्रान संग्रहाची संदर्भपाने डॉक्सिजननेच तयार केलेली आहेत. आपले साधन मोठ्या कामाला पुरेल का, अशी शंका असल्यास ती पाने एकदा उघडून पाहावीत.

संपूर्ण कोड पायथॉनमध्ये असेल, तर स्फिंक्स अधिक सोयीचे आहे. मात्र स्फिंक्सचा ऑटोडॉक हा भाग माहिती काढण्यासाठी तुमची फाइल खरोखर इम्पोर्ट करतो. फाइलच्या तळाशी थेट गणना सुरू करणाऱ्या ओळी असतील, तर डॉक्युमेंटेशन तयार करतानाच ती गणना सुरू होते. अशा ओळी ‘मेन’च्या अटीखाली, म्हणजे फाइल थेट चालवली तरच लागू होणाऱ्या अटीखाली, हलवल्याशिवाय स्फिंक्सला हात घालू नये. डॉक्सिजन कोड चालवत नाही, नुसते वाचते. त्यामुळे हा धोका तेथे नाही. यापुढे मी डॉक्सिजनविषयीच लिहीत आहे.

२. हाताशी काय काय असावे

- कोडचे संपूर्ण फोल्डर, शक्यतो गिटमध्ये (फाइल्समधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) घेतलेले. आपण शेकडो ओळींत कॉमेंट घालणार आहोत. चूक झाल्यास मागे जाता आले पाहिजे.
- डॉक्सिजन, आणि आकृत्यांसाठी ग्राफविझ.
- कोड ज्यावर आधारलेला आहे तो प्रबंध किंवा अहवाल. सूत्रातील चिन्हांचा अर्थ अनेकदा तेथेच सापडतो.
- एककांचा एक कागद. याविषयी खाली सविस्तर लिहिले आहे.
- शक्य असल्यास, कोड लिहिणाऱ्या आधीच्या विद्यार्थ्याचा किंवा मार्गदर्शकांचा तासभर वेळ.

एककांचा कागद ही माझी सूचना आहे आणि ती मी आग्रहाने करतो. आपल्या भागात धरणाचा साठा टीएमसीमध्ये सांगतात, विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, आयर्विन पुलावरची पातळी फुटांमध्ये मोजतात आणि प्रवाहाची सूत्रे मात्र मीटर-सेकंदात लिहिलेली असतात. १ क्युसेक म्हणजे ०.०२८३ घनमीटर प्रति सेकंद. १ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर, आणि दिवसभरात १ टीएमसी पाणी सोडायचे तर विसर्ग सुमारे ११,५७४ क्युसेक ठेवावा लागतो. पुलावरची ४५ फूट ही धोक्याची पातळी स्थानिक मोजपट्टीवरची आहे, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. ही यादी कॉमेंट लिहायला बसण्यापूर्वीच तयार करावी, कारण प्रत्येक व्हेरिएबलपाशी थांबून आपल्याला हाच प्रश्न विचारायचा आहे: हे कोणत्या एककात आहे आणि कशापासून मोजले आहे?

३. इन्स्टॉल करा

उबुंटूवर डॉक्सिजन आणि ग्राफविझ ही दोन्ही पॅकेजे नेहमीच्या पॅकेज व्यवस्थेतून येतात. विंडोजसाठी डॉक्सिजनच्या अधिकृत संकेतस्थळावर इन्स्टॉलर मिळतो आणि त्याबरोबर डॉक्सिविझार्ड ही खिडक्यांची आवृत्तीही येते. उबुंटूवर डॉक्सिविझार्डचे पॅकेज वेगळे घ्यावे लागते. विंडोजवर ग्राफविझ बसवताना त्याचा मार्ग सिस्टिमच्या पाथमध्ये जोडण्याचा पर्याय निवडावा. तो राहिला तर आकृत्या उमटत नाहीत. टर्मिनलमध्ये डॉक्सिजनला त्याची आवृत्ती विचारून पाहावी. उत्तर आले, म्हणजे ही पायरी झाली.

४. डॉक्सिफाइल तयार करा आणि सात ओळी बदला

प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये जाऊन डॉक्सिजन हा शब्द, पुढे आडवी रेघ आणि इंग्रजी जी हे अक्षर अशी आज्ञा द्यावी. डॉक्सिफाइल नावाची एक लांबलचक मजकुराची फाइल तयार होते. तिची लांबी पाहून घाबरू नये. पहिल्या दिवशी पुढील सात ओळींखेरीज कशालाही हात लावू नका.

- प्रोजेक्ट नेम: प्रकल्पाचे नाव.
- आउटपुट डिरेक्टरी: तयार पाने ठेवण्याचे वेगळे फोल्डर.
- इनपुट: कोडचे फोल्डर.
- रिकर्सिव्ह: यस. मुळात हे नो असते, म्हणून आतल्या उपफोल्डरांतील फाइल्स दिसत नाहीत आणि नवखा माणूस साधनालाच दोष देतो.
- ऑप्टिमाइझ फॉर फोरट्रान: कोड फोरट्रानमध्ये असल्यास यस.
- जनरेट लेटेक: सध्या नो. लेटेक ही सूत्रांसह मजकूर छापण्यासाठी मांडणारी व्यवस्था आहे. मुळात ते यस असते आणि नको असलेल्या फाइल्सचा ढीग तयार करते.
- यूज मॅथजॅक्स: यस. मॅथजॅक्स वेबपानांवर सूत्रे दाखवते; कारण सूत्रांच्या पायरीत येईल.

येथे दोन अडचणी हमखास येतात. डॉक्सिफाइलमधील सापेक्ष मार्ग ती फाइल जेथे आहे तेथून नव्हे, तर तुम्ही आज्ञा जेथून देता तेथून मोजले जातात. म्हणून आज्ञा नेहमी मुख्य फोल्डरमधूनच द्यावी. दुसरी अडचण फाइलच्या नावांची आहे. जुन्या फोरट्रान प्रकल्पांत काही फाइल्सच्या नावाशेवटचे एफ हे अक्षर मोठ्या लिपीत असते आणि लिनक्स मोठे व लहान अक्षर वेगळे मानते. एखादी फाइल यादीत दिसत नसेल, तर फाइल पॅटर्न्स या ओळीत ते रूप आहे का ते पाहावे. जुन्या ठरावीक स्तंभांच्या मांडणीतील कोड चुकीचा वाचला जात असल्यास, एक्स्टेन्शन मॅपिंग या ओळीत ती मांडणी स्पष्ट सांगता येते.

५. कॉमेंट लिहा, खरे काम येथे आहे

साधी कॉमेंट डॉक्सिजन विचारात घेत नाही. फोरट्रानमध्ये `!>` ने सुरू होणारी ओळ ते वाचते, पुढच्या ओळी `!!` ने चालू ठेवता येतात आणि व्हेरिएबलच्या त्याच ओळीत पुढे माहिती लिहायची असल्यास `!<` वापरतात. ज्या सबरूटीनने माझे तीन दिवस घेतले, तिच्या डोक्यावर आता पुढील मजकूर आहे (मस्किंगम ही टप्प्यात साठणारे पाणी धरून पूर पुढे कसा सरकतो ते काढण्याची पद्धत आहे):

!> @ब्रीफ मस्किंगम पद्धतीने नदीच्या एका टप्प्याचा बहिर्वाह काढते.
!!
!! @पॅरम आवक टप्प्याच्या वरच्या टोकाचा प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद
!! @पॅरम के टप्प्यातील प्रवासकाळ, सेकंद
!! @पॅरम एक्स भारांक, ० ते ०.५, एकक नाही
!! @पॅरम डीटी कालांतर, सेकंद
!! @पॅरम जावक टप्प्याच्या खालच्या टोकाचा प्रवाह, घनमीटर प्रति सेकंद
!!
!! @वॉर्निंग डीटी हे २ × के × एक्स पेक्षा कमी नसावे आणि २ × के × (१ − एक्स) पेक्षा जास्त नसावे.

पॅरमला जोडून चौकटी कंसात ते मूल्य आत येणारे आहे की बाहेर जाणारे, हेही लिहिता येते आणि ते जरूर लिहावे. व्हेरिएबलचे नाव कोडमध्ये जसे आहे तसेच लिहावे लागते. स्पेलिंग जरा चुकले तरी ते जुळत नाही.

शेवटची वॉर्निंगची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उदाहरणादाखल प्रवासकाळ ७२०० सेकंद आणि भारांक ०.२ धरू. मग कालांतर २८८० ते ११,५२० सेकंदांच्या दरम्यान हवे. ३६०० दिले, तर नव्या आवकेचा गुणक सुमारे ०.०५ येतो. १ दिले, तर तोच गुणक उणे ०.२५ होतो, म्हणजे आवक वाढली की जावक कमी होते. माझ्या आलेखात नेमके हेच घडत होते. कंपायलरला यात काहीही वावगे दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने १ आणि ३६०० या दोन्ही केवळ संख्या आहेत. पद्धत कोठवर लागू आहे, कोणत्या मर्यादेपलीकडे उत्तर निरर्थक होते, ही माहिती लिहिणाऱ्याच्या डोक्यात असते आणि तो पदवी घेऊन निघून गेला की तीही त्याच्याबरोबर जाते.

म्हणून प्रत्येक फंक्शनसाठी पाच गोष्टी लिहाव्यात: ते काय काढते, प्रत्येक मूल्याचे एकक, मूल्याची ग्राह्य मर्यादा, गृहीतके आणि सूत्र कोठून घेतले. ‘आय या चलाला एकने वाढवते’ अशा कॉमेंट लिहू नयेत. ते कोड वाचूनच कळते.

सी किंवा सी प्लस प्लसमध्ये आणखी एक खाच आहे. कोणत्याही क्लासमध्ये नसलेल्या फंक्शनवर तुम्ही कितीही चांगली कॉमेंट लिहिली, तरी त्या फाइलच्या डोक्यावर @फाइल ही सूचना असलेली कॉमेंट नसेल, तर ते फंक्शन मुळातल्या सेटिंगमध्ये पानांवर येत नाही.

कॉमेंट मराठीत लिहाव्यात का, असे मला कनिष्ठ विद्यार्थी विचारतात. डॉक्सिजन मुळातच यूटीएफ-८ हे एन्कोडिंग धरून चालते, त्यामुळे वेबपानांवर मराठी व्यवस्थित उमटते. लेटेकच्या मार्गाने पीडीएफ करताना मात्र नेहमीच्या मांडणीत देवनागरी अडते; त्यासाठी झीलेटेक (लेटेकचा यूनिकोड चालणारा प्रकार) आणि योग्य फॉन्ट यांची जुळणी करावी लागते. कोड बाहेर कोणाला द्यायचा असेल, तर इंग्रजी ठेवावी. कोड आपल्याच प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या फिरणार असेल, तर गृहीतके मराठीत लिहिलेली बरी, कारण ज्या भाषेत आपण विचार करतो त्या भाषेत ती अधिक नेमकी उतरतात.

६. सूत्रे जशीच्या तशी दाखवा

शास्त्रीय कोडमध्ये सूत्र शब्दांत सांगणे अपुरे पडते. डॉक्सिजनच्या कॉमेंटमध्ये लेटेकच्या पद्धतीने सूत्र लिहिता येते. ओळीतल्या सूत्रासाठी आणि स्वतंत्र ओळीवरच्या सूत्रासाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. मॅथजॅक्स सुरू केलेले नसेल, तर प्रत्येक सूत्राचे चित्र तयार केले जाते आणि त्यासाठी संगणकावर लेटेक व घोस्टस्क्रिप्ट असावे लागतात. मॅथजॅक्समुळे ती गरज उरत नाही, पण ते मुळात इंटरनेटवरून येते. पाने बिनइंटरनेटच्या संगणकावर पाहायची असतील, तर मॅथजॅक्सची प्रत जवळ ठेवून मॅथजॅक्स रेलपाथ या ओळीत तिचा मार्ग द्यावा. आमच्याकडे पावसाळ्यात, जेव्हा या गणनेची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच इंटरनेट जाते. आम्ही ही प्रत पहिल्यापासून ठेवली आहे.

७. वॉर्निंग वाचा आणि एक्स्ट्रॅक्ट ऑलच्या मोहात पडू नका

पहिल्यांदा डॉक्सिजन चालवले की पाने रिकामी दिसतात. मग कोणीतरी सांगते की एक्स्ट्रॅक्ट ऑल यस करा. ते केले की सगळी फंक्शन्स यादीत अवतरतात, पाने भरलेली दिसतात आणि काम झाल्याचे समाधान वाटते. हाच सर्वांत मोठा सापळा आहे. एक्स्ट्रॅक्ट ऑल सुरू असताना, कॉमेंट नसलेल्या फंक्शनविषयी मिळणारी वॉर्निंग आपोआप बंद होते. आपण हे साधन ज्या कामासाठी आणले तेच काम आपण अशा रीतीने थांबवलेले असते.

कोड समजून घेण्यासाठी एक-दोन दिवस ते सुरू ठेवायला हरकत नाही; मीही तसे केले होते. त्यानंतर ते नो करावे आणि पुढील तीन ओळी पाहाव्यात. वॉर्न इफ अनडॉक्युमेंटेड यस असावे. मुळात ते असतेच. वॉर्न नो पॅरमडॉक यस करावे, म्हणजे फंक्शनवर कॉमेंट आहे पण त्याच्या मूल्यांविषयी काहीच लिहिलेले नाही, अशा जागाही समोर येतात. आणि वॉर्न लॉगफाइल या ओळीत एका फाइलचे नाव द्यावे, म्हणजे वॉर्निंग टर्मिनलवरून वाहून न जाता एका जागी साठतात.

आमची पहिली लॉगफाइल पाहून मन खचले होते. मग आम्ही क्रम ठरवला: प्रथम ज्या फंक्शनमध्ये बाहेरून आकडे येतात ती, मग ज्यातून निकाल बाहेर पडतो ती, आणि शेवटी मधली. एककांचा गोंधळ बहुधा या दोन टोकांवरच असतो. धरणाचा विसर्ग वाचणारी सबरूटीन क्युसेकचे रूपांतर करते आणि आलेखासाठी निकाल देणारी सबरूटीन परत क्युसेक करते, हे आम्हाला या कामातूनच समजले. रोज पाच-सहा फंक्शन्स घेतली, तरी काम पुढे सरकते. मात्र वॉर्निंग जावी म्हणून ‘के म्हणजे के’ असे लिहू नये. डॉक्सिजनला शब्द आहेत की नाहीत एवढेच कळते, ते खरे आहेत की नाहीत हे कळत नाही. म्हणून ज्याने कॉमेंट लिहिली त्याच्याखेरीज दुसऱ्याने ती कोडशी ताडून पाहावी.

८. आकृत्या मोजक्याच काढा

ग्राफविझ बसवलेले असेल आणि हॅव डॉट यस असेल, तर कोणते फंक्शन कोणाला बोलावते याची आकृती निघते. नवीन माणसाला कोडमध्ये शिरण्यासाठी तिचा फार उपयोग होतो. परंतु कॉल ग्राफ सरसकट यस केल्यास मोठ्या प्रकल्पात वेळ बराच लागतो आणि आकृत्या वाचता येऊ नयेत इतक्या दाट होतात. त्याऐवजी तीन-चार मुख्य फंक्शन्सच्या कॉमेंटमध्येच @कॉलग्राफ ही सूचना लिहावी.

९. मुखपृष्ठ द्या

प्रकल्पाच्या रीडमी फाइलला मुखपृष्ठ करता येते. यूज एमडीफाइल अ‍ॅज मेनपेज या ओळीत तिचे नाव द्यावे आणि तीच फाइल इनपुटच्या यादीतही घालावी; दुसरा भाग विसरला तर मुखपृष्ठ कोरे राहते. या पानावर प्रकल्प काय करतो, नदीचे कोणते टप्पे धरले आहेत, नोंदी कोठून वाचल्या जातात आणि एककांचा तो कागद, एवढे असावे. आमच्या मुखपृष्ठावर हेही लिहिले आहे की वारणा हरिपूरला, म्हणजे आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला कृष्णेला मिळते आणि तिच्या फुगवट्याचा परिणाम या गणनेत धरलेला नाही. ही मर्यादा कोडच्या कोणत्याही एका ओळीत दिसत नाही, कारण ती न लिहिलेल्या कोडविषयी आहे. तिची जागा मुखपृष्ठावरच आहे.

१०. गिटमध्ये काय ठेवायचे आणि पुढे कसे सांभाळायचे

डॉक्सिफाइल गिटमध्ये ठेवावी. तयार झालेली पाने ठेवू नयेत. ती केव्हाही पुन्हा तयार करता येतात आणि प्रत्येक कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या नोंदीत) शेकडो फाइल्स बदललेल्या दिसू लागल्या की खरा बदल शोधणे अवघड होते. आउटपुटचे फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, घालावे.

लॉगफाइल रिकामी झाली, की वॉर्न अ‍ॅज एरर या ओळीत फेल ऑन वॉर्निंग्ज हे मूल्य द्यावे. साधे यस दिले, तर डॉक्सिजन पहिल्या वॉर्निंगला थांबते. या मूल्याने ते सर्व वॉर्निंग दाखवून शेवटी अपयश नोंदवते. हीच आज्ञा गिटच्या आपोआप चालणाऱ्या तपासणीत जोडली, की काहीही माहिती न लिहिता नवे मूल्य जोडणाऱ्याला त्याच दिवशी कळते. ही ओळ सुरुवातीलाच चालू करू नये. शेकडो वॉर्निंग असताना तपासणी रोज अपयशी ठरते आणि सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात.

डॉक्सिजनची नवी आवृत्ती घेतल्यावर जुन्या डॉक्सिफाइलमधील काही पर्याय कालबाह्य झाल्याचे ते सांगते. तेव्हा डॉक्सिजन, आडवी रेघ आणि इंग्रजी यू अशी आज्ञा द्यावी. फाइल नव्या रूपात येते आणि जुनी प्रत शेजारी राखली जाते. मूळ सेटिंगपेक्षा आपण काय काय बदलले आहे, हे पाहायचे असल्यास यूच्या जागी इंग्रजी एक्स हे अक्षर द्यावे. लांबलचक फाइलमधून आपल्या हाताने बदललेल्या ओळी तेवढ्या समोर येतात, आणि प्रकल्प पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवताना मी त्याला आधी तीच यादी दाखवतो.